शब्द आहेत, आत कुणी नाही

१२ फेब्रुवारी २०२५

यादी म्हणाले! माझ्या गाण्याला — यादी!

दिवसभर घाटात बैलगाड्यांच्या शर्यतीला लाऊडस्पीकरवर माझंच गाणं चाललं होतं.

आला आला गाडा आला, घाट सारा हादरला,
पेठचा सोन्या पळाला, वारा मागं राहिला!

पोरं शर्ट काढून नाचत होती. समर्थनं स्टेजवरून माझं नाव घेतलं. 'गाणं मी गायलोय, पण लिवलंय कुणी? आपल्या पेठच्या फ्लेक्सवाल्या मोहिनीवहिनीनं!' ज्ञानेश्वर पिकअपच्या टपावर बसून मिशीत हसत होता. नवरा एवढा खूश मी लग्नातही पाहिला नव्हता.

तेवढ्यात चांगदेव सर दिसले. दहावीला मराठी शिकवायचे. आता रिटायर होऊन अवसरी खुर्दला राहतात. मी धावत गेले, म्हटलं, 'सर, ऐकलंत का?'

'ऐकलं. बैलाचं नाव, मालकाचं नाव, गावाचं नाव. मोहिनी, हे गाणं नव्हे. यादी आहे. तुला कान आहे, पण तू वाचत नाहीस.'

एवढ्या माणसांत! घरी येऊन भांडी आपटली. सासूबाईंनी विचारलं, 'भांड्यांनी काय केलं गं तुझं?'

१३ फेब्रुवारी

राग आहेच. पण दुकानात बसून गाणं पुन्हा वाचलं.

यादीच आहे.

१६ फेब्रुवारी

गेले सरांकडे. जायचं नव्हतं, तरी गेले. भिमाबाईंनी, सरांच्या मिसेसनी, दार उघडलं. 'ये. आणखी एक कागदवाली!' म्हणाल्या आणि हसून चहा टाकायला गेल्या.

सरांनी तीन पुस्तकं दिली. दोन कवितांची, एक जात्यावरच्या ओव्यांचं. म्हणाले, 'आधी वाच. मोठ्यानं वाच. आवडलेली कविता स्वतःच्या हातानं उतरवून काढ. म्हणजे ओळ कुठं मोडली, का मोडली, ते बोटांना कळतं.' आणि रोज काहीतरी लिहायचं. कांद्यावर लिही, पण कांदा हा शब्द न वापरता. सासूवर लिही, पण ती चांगली की वाईट ते न सांगता.

दुसरं जास्त अवघड आहे.

१ मार्च

दुकानात गिऱ्हाईक नसलं की वाचते. आज एका दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. पोरं म्हणाली, 'ताई, चार ओळी टाका की दमदार. किंग, वाघ, काळीज असं कायतरी.' पूर्वी हे मी फोनवर बोलता बोलता लिहायचे. आज अडले. वाघ शब्द टाकला आणि लाज वाटली. आमच्याकडं उसात बिबटे आहेत, संध्याकाळी बायका शेतातून घोळक्यानं परततात. आणि आम्ही फ्लेक्सवर माणसाला वाघ म्हणतो!

तरी टाकला वाघ. बिल घेतलं.

९ मार्च

सासूबाईंवर आज जमलं थोडं. 'ती पोळी आधी मुलाला वाढते, मग मला म्हणते, तव्यावर अजून एक आहे.' एवढंच.

सरांनी वाचलं. 'हां,' म्हणाले. फक्त हां. येताना एस.टी.त उभी होते, तरी बसल्यासारखं वाटत होतं.

२८ मार्च

कांदे काढणी. दोन आठवडे वही नाही, पुस्तक नाही. बोटांना वास जात नाही. वाकून वाकून कंबर गेली, आणि डोक्यात सारखं — कांदा शब्द न वापरता, कांदा शब्द न वापरता. कांदा साठवायच्या बराखी भरताना ज्ञानेश्वर म्हणाला, 'काय पुटपुटतीस? मंत्र टाकती काय मालावर?'

६ एप्रिल

समर्थ आला होता. त्याला लोणीच्या बैलावर गाणं हवं. चाल तीच, बैल वेगळा. मी दुसरंच दिलं. घाटात पळून आल्यावर बैल उभा राहतो, तोंडाला फेस, आणि गर्दी त्याच्याकडं पाठ करून पुढच्या गाड्याच्या बारीकडं बघते — त्यावर.

त्यानं दोनदा वाचलं. 'वहिनी, लई भारी हाय. पण नाचायचं कुटं यात?'

'नाचू नका.'

'मग डीजे कशाला लावायचा राव?'

तोही खोटं बोलत नाही. राग आला तो त्याच्यामुळंच.

२२ एप्रिल

बा आला होता माहेराहून, लोणीहून. मेंढरं विकली म्हणाला. सगळी. चाकणच्या बाजारात. सहज सांगितलं, चहा फुंकत. माझ्या जन्माच्या आधीपासून आमच्या दारात मेंढरं होती. आता चारायला रान कुठं राहिलंय! जिकडं तिकडं ऊस आणि तारेचं कुंपण. भाऊ कंपनीत जातो, त्याला त्यात रस नाही.

मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

३० एप्रिल

लोणीला जाऊन आले. मेंढरांचं रिकामं वाडगं पाहिलं. लेंड्यांचा वास तसाच. बा देवळात गेला होता.

१९ मे

झालं! किती दिवस खोडत होते. आज दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसले आणि झालं. चार कडवी. पहिलं असं —

उजाडलं अंगणात
कुणी ओरडत नाही
बापाच्या काठीला आता
कुठंच जायचं नाही

स्वतःच रडले. मग हसले. मग शटर वर केलं, तर बाहेर एकजण आधार कार्डाची झेरॉक्स काढायला ताटकळत उभा!

२१ मे

सरांना दाखवलं. सरांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

'बरी आहे. अजून वाचन हवं.'

एवढंच? त्यांच्या चेहऱ्यावर मात्र दुसरंच काहीतरी होतं. मला वाचता आलं नाही.

निघताना म्हणाले, 'ऑगस्टमध्ये जुन्नरला आमच्या मंडळाचं कविसंमेलन आहे. निवडक कवितांचं पुस्तकही निघणार आहे. ठेव इथं. मी पाठवतो.'

मी वाकून पाया पडले.

२ जून

बाला मेंढरांची कविता चालीत म्हणून दाखवली. वाटलं, आता डोळे भरतील.

'म्हंजी मी दुःखात हाय व्हय?' म्हणाला.

'नाहीस का बा?'

'इकली ते लई बरं झालं पोरी. गुडघं गेलं व्हतं माझं. आता सकाळी निवांत उठतो.' आणि मग, मला वाईट वाटू नये म्हणून — 'पर चाल ग्वाड हाय.'

म्हणजे दुःख माझं होतं तर. मी ते त्याच्या नावावर लिहिलं. सरांना विचारायला हवं, हे चालतं का.

१५ जून

विचारलं. सर म्हणाले, 'चालतं. कवितेत सगळं चालतं.' पण बोलताना खिडकीबाहेर बघत होते. पूर्वी अशा प्रश्नावर तासभर बोलले असते.

२९ जून

हे लिहू की नको? इथं नाही तर कुठं लिहू!

आज मंचरला सरांचा सत्कार होता. हार, नारळ, शाल. मग त्यांनी स्वतःची कविता म्हटली.

जीवनाच्या वाटेवरती काट्यांची ही साथ आहे,
अंधाराच्या पल्याड माझ्या उजेडाचा हात आहे.

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. हात वाजत होते आणि मी ऐकत होते — वाट, काटे, अंधार, उजेड. कुठली वाट? कुणाचा हात? मला त्यांनीच शिकवलं ना, की वाट म्हटलं तर कुठली ते दिसलं पाहिजे?

मला हे कळायला नको होतं.

३० जून

घरी त्यांचा जुना संग्रह आहे, सही करून दिलेला. शेवटपर्यंत वाचला. एक तरी सापडेल म्हणून.

नाही.

१३ जुलै

एकदा डोळे उघडले की मिटता येत नाहीत. सगळीकडं तेच दिसतं. लग्नपत्रिकेतल्या ओळी, श्रद्धांजलीच्या बॅनरवरचा 'काळाने घाला घातला', समर्थची गाणी, माझी जुनी गाणी. पूर्वी या सगळ्यात मजा होती. सासूबाई आरती म्हणताना शब्द चुकवतात, तेही आता कानात खुपतं. परवा तोंडातून निघून गेलं, 'आत्या, तो शब्द असा नाही.' आज आरती मनातल्या मनात म्हटली त्यांनी.

वाचून माणूस चांगला होतो म्हणतात. माझं काय झालंय?

२७ जुलै

संमेलनाच्या कवींची नावं व्हॉट्सॲपवर आली. माझं नाही.

सरांना फोन केला. 'स्पर्धा मोठी असते, मोहिनी. मंडळाला नाही पटली. मनाला लावून घेऊ नकोस.'

३ ऑगस्ट

तरी गेले जुन्नरला. ऐकायला म्हणून. ज्ञानेश्वर सोडायला आला पिकअपनं, तिकडच्या बाजारात टोमॅटो टाकायचा होता. सभागृहात मागं बसले. मंडळाचे चिटणीस भगवंत काळे पुस्तकं विकत होते. पुस्तक घेतलं, नाव सांगितलं.

'पेठच्या मोहिनी? घाटाच्या गाण्यावाल्या? तुमी कविता का न्हाई पाठवली? आमी वाट बघत व्हतो.'

मी म्हटलं, चांगदेव सरांबरोबर पाठवली होती. मेंढरांची.

त्यांनी मान हलवली. 'सरांनी त्यांच्या स्वतःच्या दोन दिल्या. तुमची आलीच न्हाई ताई. आली असती तर घेतली असती, नवीन बायका लिवतात कुटं आपल्याकडं?'

स्टेजवर सर म्हणत होते — जीवनाच्या वाटेवरती.

पुस्तक तिथंच बाकावर ठेवून आले.

४ ऑगस्ट

गेले अवसरीला. सकाळीच. सर पडवीत पेपर वाचत होते.

'माझी कविता तुम्ही पाठवलीच नाही.'

आधी म्हणाले, राहून गेलं. मग म्हणाले, 'तू अजून तयार नव्हतीस. घाईनं छापून आलं की माणूस वाढत नाही. तुझ्या भल्यासाठी थांबवली.'

'मग मंडळाला पटली नाही असं का सांगितलंत?'

त्यांनी पेपर पुन्हा उघडला.

मला तेवढ्यावर थांबता आलं असतं. थांबले नाही. म्हटलं, 'सर, कारण मी सांगते. तुमच्या कवितेत काही नाही. शब्द आहेत. आत कुणी नाही. आणि हे तुम्हाला ठाऊक आहे.'

आतून कप ठेवल्याचा आवाज आला. भिमाबाई दारात उभ्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, सरांकडं बघत होत्या. आणि सर पेपरची घडी घालत होते. घालून झाली तरी पुन्हा उलगडून पुन्हा घालत होते.

चहा न घेता निघाले.

५ ऑगस्ट

खरं तेच बोलले. एक शब्द खोटा नव्हता.

६ ऑगस्ट

मग जेवण का जात नाही?

३१ ऑगस्ट

सरांची पुस्तकं ज्ञानेश्वरबरोबर परत पाठवली. आला आणि म्हणाला, 'सर काय बोलले न्हाईत. बाईंनी पिशवी घेतली. आमच्या सरांना असं बोलायचं काय काम व्हतं तुला?' त्यालाही सरांनीच शिकवलंय.

'त्यांनी माझं अडवलं ते?'

'ते चुकलंच त्यांचं. पर तू कापलंस त्यांना.'

नवऱ्याला कवितेतलं काही कळत नाही. पण शब्द नेमका वापरला.

१४ सप्टेंबर

आता एकटीच. मंचरच्या वाचनालयाचं कार्ड काढलं. आठवड्याला दोन पुस्तकं. उतरवून काढते, मोठ्यानं वाचते, लिहिते, खोडते. कुणाला दाखवायचं? ज्ञानेश्वरला दाखवलं की म्हणतो, 'झ्याक.' सगळ्यालाच झ्याक.

मेंढरांची कविता मी स्वतः भगवंत काळेंना पाठवली. पुढच्या वर्षीच्या पुस्तकात घेऊ म्हणाले. आनंद व्हायला हवा होता.

१२ ऑक्टोबर

समर्थ आला, फ्लेक्स करायला. नवीन गाण्याचा. मी विचारलं, कुणी लिहिलं? हसला, मोबाईल पुढं केला. 'ह्या एआयनं! बैलाचं नाव टाकायचं, गावाचं नाव टाकायचं, चहा येईस्तवर गाणं तयार. वहिनी, तुमी रागावू नका. तुमी आता लई वरचं लिवता.'

वाचलं ते. घाट हादरला. वारा मागं राहिला. यमक जागच्या जागी.

माझंच पहिलं गाणं ते! मोबाईलला कसं कळलं? की माझ्या गाण्यातच मुळात कुणी नव्हतं?

फ्लेक्स करून दिला. समर्थचा फोटो मोठा घेतला, गाणं लिहिणाऱ्याची जागा मोकळी राहत होती, तिथं एक बैल टाकला.

२ नोव्हेंबर

वाचनालयात भिमाबाई भेटल्या. मी वळून जाणार होते, त्यांनीच हाक मारली. सरांसाठी पुस्तकं बदलायला आल्या होत्या. पिशवीत चार.

'सर बरे आहेत?'

'हायेत. मंडळात जाणं सोडलंय. सत्काराच्या शाली बोहारणीला देऊन टाकल्या. दार लावून बसतात.' जरा थांबून म्हणाल्या, 'मला पन तसंच वाटायचं गं त्यांच्या कवितांचं. पर मी कंदी बोलले न्हाई. संसार करायचा व्हता.'

मी त्यांची पिशवी रिक्षापर्यंत नेऊन दिली.

१६ नोव्हेंबर

नवं काही होत नाही. बसते, लिहिते, फाडते. सगळं नीट आहे, कुठंही यादी नाही, एकही काटा नाही, अंधार नाही, वाघ नाही. आणि तरी मेलेलं. मे महिन्यातली ती एक आली ती आली. वाचन वाढलंय तसं लिहिणं आटलंय. प्रत्येक ओळ लिहायच्या आधीच मला तिच्यातली खोट दिसते.

दुसऱ्याची खोट काढायला किती सोपं होतं!

२३ नोव्हेंबर

सासूबाईंना म्हटलं, आरती मोठ्यानं म्हणा ना. म्हणाल्या, 'नको बाई. माझं चुकतं.'

७ डिसेंबर

सर दुकानात आले होते. आज दुपारी.

खूप वाळलेत. कागद पुढं केला. म्हणाले, 'टाईप करायची आहे. त्याआधी तू वाच. तू म्हणालीस ते बरोबर होतं. म्हणून रोज बसतोय. इतक्या दिवसांत ही एकच राहिली. बाकी फाडल्या. बघ, आत कुणी आहे का.' आणि बाहेर बाकावर जाऊन बसले.

मेथी निवडताना तू
मला काहीतरी विचारलंस
मी हं म्हणालो
चाळीस वर्षं झाली
प्रश्न काय होता
मला माहीत नाही

मी पुन्हा वाचली. असं मला लिहिता येत नाही. येणारही नाही कदाचित.

बाहेर गेले. त्यांनी मान वर केली. माझ्या तोंडून निघालं — 'सर, प्रिंटर बिघडलाय. उद्या या.'

प्रिंटर चालू होता. आवाज येत होता त्याचा.

'बरं,' म्हणाले. उठले. रस्ता ओलांडून गेले.

कागद माझ्यापाशीच राहिला. पाठ झालाय.